किमान ५० पीस

टी-शर्टवर काहीतरी छापून घ्यायला गेलात की दुकानदार डिझाईन बघायच्या आधी विचारतो, "किती पीस?" कॉलेजचं गॅदरिंग असो, गणपती मंडळ असो नाहीतर ऑफिसची क्रिकेट टीम, हा प्रश्न कुणाला चुकलेला नाही. आकडा लहान सांगितला की त्याचा चेहरा पडतो. "एवढ्याला परवडत नाही हो, किमान ५० तरी घ्या."

मंडळी, टी-शर्टचा इतिहास सांगताना लोक हटकून मार्लन ब्रँडोपासून सुरुवात करतात (१९५१ चा 'अ स्ट्रीटकार नेम्ड डिझायर', घट्ट टी-शर्ट, वगैरे). पण छापील टी-शर्टचा इतिहास मला तरी या "किती पीस?" मध्ये जास्त सापडतो.

आधी थोडी पार्श्वभूमी. टी-शर्ट मुळात आतून घालायचा कपडा, आपल्या बनियनचाच भाऊ. १९१३ च्या सुमारास अमेरिकन नौदलाने तो खलाशांना गणवेशाखाली घालायला दिला. दुसऱ्या महायुद्धात तो बाहेर दिसायला लागला आणि त्यावर अक्षरंही आली. जुलै १९४२ च्या 'लाइफ' मासिकाच्या मुखपृष्ठावर हवाई दलाच्या गनरी स्कूलचं नाव छापलेला टी-शर्ट घातलेला जवान आहे. १९४८ च्या अध्यक्षीय निवडणुकीत थॉमस ड्युईच्या प्रचाराचे टी-शर्ट निघाले. त्यातला एक आज स्मिथसोनियनच्या संग्रहात आहे. ड्युई ट्रुमनकडून हरला, टी-शर्ट मात्र टिकला :)

आता बघा, सैन्य, शाळा, राजकीय पक्ष... सुरुवातीचे हे सगळे गिऱ्हाईक म्हणजे संघटना. एकटादुकटा माणूस यात कुठेच नाही. का? उत्तर छपाईच्या पद्धतीत आहे.

स्क्रीन प्रिंटिंग म्हणजे लाकडी किंवा धातूच्या चौकटीवर ताणलेली बारीक जाळी. पूर्वी ती रेशमाची असायची. मँचेस्टरच्या सॅम्युअल सायमनने १९०७ मध्ये याचं पेटंट घेतलं, पण स्टेन्सिलने कापड रंगवायची कला चीन-जपानमध्ये त्याच्या कितीतरी आधीपासून होती. जाळीवर प्रकाशाने घट्ट होणारं रसायन लावतात, त्यावर डिझाईनची फिल्म ठेवून उजेड देतात. जिथे उजेड लागला तिथे रसायन घट्ट होतं, फिल्मवरच्या काळ्या भागाखालचं पाण्याने धुऊन जातं. मग शाई ओतून रबरी पट्टीने ओढायची, की मोकळ्या राहिलेल्या छिद्रांतून ती कापडावर उतरते. पण एका स्क्रीनमधून एकच रंग. तीन रंग हवे तर तीन फिल्म, तीन स्क्रीन, आणि तिन्ही एकमेकांवर अचूक बसवायची कटकट.

गणित सोपं आहे. समजा एका स्क्रीनला ५०० रुपये लागतात. तीन रंगांचे झाले १५००. कापड आणि शाई धरा २०० रुपये. एकच टी-शर्ट छापला तर तो पडला १७०० ला. ५० छापले तर प्रत्येकी २३०. आपल्या भाषेत सांगायचं तर सेटअप कॉस्ट प्रचंड, रनटाइम कॉस्ट किरकोळ. ५० चा हट्ट इथून येतो, दुकानदार उगाच अडवत नसतो बिचारा.

आणि यातून एक नियम तयार झाला, न लिहिलेला. स्क्रीनचे पैसे जो भरेल, त्याचं नाव छातीवर. आपल्याकडचे गोविंदा पथकांचे टी-शर्ट आठवा. थर लावणाऱ्या पोरांच्या पाठीवर कुणा दादांचा हसरा फोटो का असतो? कारण २०० पीसचं बिल दादांनी भरलेलं असतं.

डिझाईन दिसायला कसं असावं हेसुद्धा याच खर्चाने ठरवलं. अल्बर्टो कोर्डाने ५ मार्च १९६० ला हवानामध्ये चे गव्हेराचा फोटो काढला. १९६८ मध्ये आयर्लंडच्या जिम फिट्झपॅट्रिकने त्यातले सगळे करडे तपशील काढून टाकले आणि लाल पार्श्वभूमीवर ठसठशीत काळा चेहरा ठेवला. चित्र म्हणून ते गाजलंच, पण स्क्रीन प्रिंटरच्या नजरेने पाहिलं तर त्याहून स्वस्त डिझाईन शोधून सापडणार नाही. एक स्क्रीन, एक लाल टी-शर्ट, काम फत्ते. चे जगभर पोचला त्यात क्रांतीइतकाच या काटकसरीचाही वाटा असावा.

साठच्या दशकात अमेरिकेत मायकेल व्हॅसिलॅन्टोनने गोल फिरणारं बहुरंगी यंत्र आणलं (पेटंट १९६९ चं). एका चक्रावर स्क्रीन, दुसऱ्यावर कपडे. छपाई भराभर व्हायला लागली, पण स्क्रीनचा खर्च होता तिथेच राहिला.

मग ज्यांच्या मागे कुणी दादा नाही त्यांनी काय करायचं? आपल्या व्यवसायातलंच उदाहरण देतो. नव्वदच्या दशकात अमेरिकन कायद्यानुसार भक्कम एन्क्रिप्शन सॉफ्टवेअर चक्क शस्त्रास्त्रांच्या यादीत होतं. परवान्याशिवाय देशाबाहेर न्यायला बंदी. १९९५ मध्ये ॲडम बॅक या ब्रिटिश प्रोग्रॅमरने आरएसए अल्गोरिदम पर्लच्या मोजक्या ओळींत बसवला, इतरांनी तो आणखी आखडला, आणि तो टी-शर्टवर छापला गेला. हा टी-शर्ट शस्त्र आहे, परदेशी माणसाला दाखवू नये, अशी सूचनाही त्यावर होती. नुसता मजकूर छापायला एकच स्क्रीन पुरते, आणि जगभर विखुरलेले वैतागलेले प्रोग्रॅमर इंटरनेटवर भेटले की ५० चा आकडा सहज पार होतो. कायद्याचा वेडेपणा शंभर लेखांनी समजला नसता तो एका कपड्याने समजला. १९९६ च्या अखेरीस एन्क्रिप्शन त्या यादीतून वाणिज्य खात्याकडे गेलं. ते टी-शर्टमुळे गेलं असं मी म्हणणार नाही, पण त्या भांडणाचा गणवेश तो होता.

२००० मध्ये शिकागोच्या थ्रेडलेसने ५० चा प्रश्न उलटा सोडवला. लोकांनी डिझाईन पाठवायची, लोकांनीच मतं द्यायची, जिंकेल तेच छापायचं. गिऱ्हाईक आधी, स्क्रीन नंतर.

आणि मग स्क्रीनच गेली. मॅथ्यू र्‍होमने १९९६ मध्ये थेट कापडावर छापणाऱ्या इंकजेटच्या पेटंटसाठी अर्ज केला, २००० मध्ये ते मिळालं. पुढच्या काही वर्षांत ब्रदर, कॉर्निट यांची यंत्रं बाजारात आली. गडद कापडावर आधी पांढऱ्या शाईचा थर द्यावा लागतो, आणि त्यातलं टायटॅनियम डायऑक्साइड तळाशी बसून नोझल तुंबवतं. दुखणी आहेतच. पण रंग तीन असोत की तीनशे, खर्च जवळपास तोच. आज फिल्मवर छापून गरम दाबाने चिकटवायची डीटीएफ पद्धतही गल्लोगल्ली आहे. एक पीस? मिळेल.

हे उत्तमच झालं. ज्याला दादा परवडत नाही, ज्याच्या मताचा गावात दुसरा माणूस नाही, तोही आता छातीवर काय वाटेल ते लिहू शकतो. पण ५० ची ती अट नकळत आणखी दोन कामं करत होती. एक, दुसऱ्याचं चित्र चोरणाऱ्यालासुद्धा आधी पैसे गुंतवावे लागायचे, माल पडून राहायची भीती असायची. आता इंटरनेटवरून एखाद्या चित्रकाराचं काम उचलायचं, विक्रीला लावायचं, ऑर्डर आली तरच छापायचं. चोराचा सेटअप खर्चही शून्य झाला! दुसरं, स्वतःचं म्हणणं छापण्यापूर्वी ४९ जणांना पटवावं लागायचं. त्या पटवण्यात वाक्य घासूनपुसून नीट व्हायचं, आणि छापून येईपर्यंत त्याच्यामागे माणसं उभी असायची.

मला जुनी अट परत नको आहे. पण एखादं वाक्य खरंच महत्त्वाचं वाटत असेल तर एक पीस छापून थांबू नका. अजून ४९ जण शोधून बघा. सापडले तर दुकानदार खूश होईलच, आणि वाक्य किती पक्कं आहे तेही कळेल.