इष्टकर्म आणि छेदगम : भास्कराचार्यांच्या ग्रंथांतील अपूर्णांकयुक्त एकघाती समीकरणे

अपूर्णांक असलेले एकघाती समीकरण सोडविताना दोन्ही बाजूंना छेदांच्या लसाविने गुणावे, ही रीत शालेय पातळीवर इतकी रूढ आहे की तिलाही इतिहास असेल, हे सहसा ध्यानात येत नाही. भास्कराचार्यांनी (जन्म इ. स. १११४) अशा उदाहरणांसाठी दोन भिन्न मार्ग दिले आहेत. त्यांपैकी एकाचीच चर्चा अधिक झाली.

'लीलावती'तील मार्ग 'इष्टकर्म' होय. अज्ञात राशीच्या जागी सोयीची संख्या मानावयाची, सांगितलेल्या क्रिया तिच्यावर करावयाच्या आणि त्रैराशिकाने खरी राशी काढावयाची. एका राशीस ५ ने गुणून गुणाकारातून त्याचाच तृतीयांश वजा केला, बाकीस १० ने भागले व त्यात मूळ राशीचे १/३, १/२ आणि १/४ मिळविले असता ६८ होतात, असे उदाहरण तेथे आहे. इष्ट ३ मानल्यास फल १७/४ येते. म्हणून राशी ४८. इजिप्तच्या ऱ्हाइंड पपायरसातही (इ. स. पू. सोळावे शतक) हीच युक्ती आढळते. अर्थात तेवढ्यावरून उसनवारीचा निष्कर्ष काढणे धाडसाचे ठरेल.

इष्टकर्माची मर्यादा मात्र स्पष्ट आहे. फल राशीच्या प्रमाणात बदलते तेथेच ते लागू पडते. मध्ये ठरावीक रक्कम मिळविली की त्रैराशिक निरुपयोगी होते. 'बीजगणिता'तील घोड्यांचे उदाहरण नेमके याच जातीचे आहे. एकाजवळ ६ घोडे व ३०० रुपये, दुसऱ्याजवळ तेवढ्याच किमतीचे १० घोडे व १०० रुपयांचे ऋण. पहिल्याच्या धनाच्या निम्म्यात २ मिळविल्यास दुसऱ्याचे धन होते. येथे घोड्याची किंमत 'यावत्तावत्' मानून दोन पक्ष मांडले जातात : या ३ रू १५२ आणि या १० रू ऋण १००. सम-शोधनाने ७ यावत्तावत् बरोबर २५२, म्हणून किंमत ३६. छेद शिल्लक राहतात तेथे प्रथम समच्छेद करून 'छेदगम', म्हणजे छेदांचा लोप, करावयाचा. आजची लसाविची रीत तत्त्वतः हीच. तेव्हा केवळ 'लीलावती'च्या आधारे या परंपरेस युक्त्यांचे गणित म्हणणे न्याय्य नाही.

या एकांगी दृष्टीस ग्रंथप्रसाराचा क्रमही काही अंशी कारणीभूत असावा. फैजीने 'लीलावती'चे फारसी भाषांतर १५८७ मध्ये केले. 'बीजगणिता'चे फारसी भाषांतर १६३४-३५ मध्ये, जवळजवळ अर्धशतकाने झाले. कोलब्रुकच्या १८१७ च्या इंग्रजी ग्रंथात मात्र दोन्ही एकत्र आहेत.