मोहाला पिंप का मिळालं नाही

टिटवाळ्याहून खडवली, शहापूरच्या अंगाला गेलं की अजूनही मोहाची झाडं भेटतात. चैत्रात पहाटे फुलं गळतात. फिकट पिवळी, रसाळ, बोटांना चिकटणारी. वाळली की मनुकांसारखी होतात. ती भिजवायची, आंबवायची, भट्टीवर चढवायची, वाफ गार करून धार धरायची आणि प्यायची. कौतुक सगळं ‘पहिल्या धारेचं’. चार वर्षं मुरवलेली मोहाची मात्र कुणी ऐकलेली नाही.

असं का, याचा धागा मला अमेरिकेतल्या व्हिस्कीच्या इतिहासात मिळाला. तोही भट्टीत नव्हे, कायद्याच्या पुस्तकात.

1878 च्या अबकारी कायद्याने मुंबई इलाख्यात गावोगावच्या भट्ट्यांवर गदा आणली होतीच. तरी महसूल गळतोय म्हणून 1892 मध्ये खास ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांसाठी मोहाफुलांचा कायदा आला. आता परवान्याशिवाय फुलं बाळगणंही गुन्हा. टिटवाळा कल्याण तालुक्यातलं, म्हणजे थेट कचाट्यात. दुष्काळात कातकरी-ठाकरांच्या पोटाला आधार देणारं फूल घरात सापडलं तरी माणूस आरोपी!

बरोबर पाच वर्षांनी, 1897 मध्ये, अमेरिकेने ‘बॉटल्ड इन बॉण्ड’ कायदा केला. एकाच भट्टीची, एकाच हंगामाची दारू किमान चार वर्षं सरकारी देखरेखीच्या गोदामात राहिली, तर बाटलीवर सरकारी हमी. मुख्य गंमत त्याच्याही आधीची आहे. गोदामातल्या मालावर कर लगेच भरायचा नाही, माल बाहेर काढताना भरायचा. ही सवलत 1879 मध्ये तीन वर्षांची झाली, 1894 मध्ये आठ वर्षांची. दोन्ही सरकारांचा डोळा महसुलावरच. पण तिकडे थांबणाऱ्याला सवलत मिळाली, इकडे साठवणाऱ्याला बेडी.

तिकडे माल थांबायचा तो आतून जाळलेल्या पिंपात. पिंप आतून जाळायची युक्ती कुणाची, यावर अमेरिकेतल्या केंटकी राज्यात अजून वाद चालतात. एलायजा क्रेग या पाद्र्याच्या आगीत जळालेल्या पिंपांची गोष्ट मला भाकडकथा वाटते. त्यापेक्षा 1826 चं एका वाण्याचं पत्र बोलकं आहे: पिंप आतून इंचाचा सोळावा भाग जाळून द्या, माल सुधारतो, असं तो भट्टीवाल्याला कळवतो. म्हणजे शोध दुकानदारांचा, बहुधा फ्रेंच ब्रँडीवाल्यांचं पाहून उचललेला. जळक्या थरामागे ओकच्या लाकडातली साखर करपते, व्हॅनिलाचा वास सुटतो आणि पाण्यासारखी दारू तांबूस होते.

मोहाला पिंप कायद्यामुळे मिळालं नाही, या माझ्या सिद्धान्तावर पहिला आक्षेप हवेचा: आपल्या उकाड्यात पिंपातली दारू उडून जाईल. जाते, पण म्हणून कुणी थांबत नाही. दक्षिण गोव्यात कुंकळ्ळीला पॉल जॉनची सिंगल माल्ट मुरते. स्कॉटलंडमध्ये वर्षाला दोनेक टक्के उडते, गोव्यात आठेक टक्के, तरी 2012 पासून ती बाजारात आहे. शिवाय ती मुरते बर्बन या अमेरिकन व्हिस्कीच्या जुन्या पिंपांत! अमेरिकेत 1933 मध्ये दारूबंदी उठल्यावर नियम झाला की बर्बनसाठी पिंप कोरंच हवं. त्यामागे लाकूडवाल्यांचं आणि पिंपं बांधणाऱ्यांचं वजन होतं, असं म्हणतात. मला ते पटतं. एकदा वापरलेलं दोनशे लिटरचं पिंप त्यांना बर्बनसाठी निकामी, म्हणून जगभर स्वस्तात निघालं. गोव्याच्या व्हिस्कीतली व्हॅनिला ही अशी अमेरिकन नियमपुस्तकातून आलेली आहे.

दुसरा आक्षेप लाकडाचा: ओक कोकणात कुठे? पण श्रीलंकेत माडाची अरक हलमिल्लाच्या स्थानिक लाकडाच्या पिंपांत मुरवतात. हवा तशीच दमट, ओकचा पत्ता नाही. गरज असती तर आपल्याकडेही लाकूड सापडलं असतं. पण धाडीच्या धाकाने रातोरात गाळून सकाळपर्यंत संपवायचा माल मुरवणार कोण? 1949 च्या दारूबंदी कायद्याने तर हातभट्टी आणखी आत, ओढ्याच्या काठाला ढकलली.

उरला चवीचा मुद्दा. मोह पिणाऱ्यांना ताजीच आवडते, कायद्याचा संबंध काय, असं एक मित्र हटकून सुनावतो. आवडते, मान्य. पण अठराव्या शतकातला केंटकीचा शेतकरीसुद्धा मक्याची दारू अशीच पांढरी, भट्टीवरून उतरलेली प्यायचा. पुढे साठवणं परवडू लागलं आणि त्याची जीभ वळली.