शिकलगाराचा दगड

सीताबर्डीचा किल्ला एरवी लष्कराच्या ताब्यात असतो. 26 जानेवारी, 1 मे आणि 15 ऑगस्ट अशा मोजक्या दिवशी तो सर्वसामान्यांसाठी उघडतो. प्रजासत्ताक दिनी शाळेचे झेंडावंदन आटोपले की आम्ही मुलांना घेऊन टेकडी चढतो. 26 आणि 27 नोव्हेंबर 1817 ची लढाई आम्ही तेथेच उभे राहून शिकवतो. आप्पासाहेब भोसल्यांची फौज, इंग्रज रेसिडेंट जेन्किन्स, लहान टेकडी काही काळ काबीज करणाऱ्या अरब तुकड्या, आणि संख्येने कितीतरी कमी असूनही शेवटी जिंकलेले इंग्रज. किल्ला त्या लढाईनंतर इंग्रजांनी बांधला, हेही सांगतो.

मागे एका वर्षी सातवीतल्या एका मुलाने विचारले, "सर, इन तलवारों को धार कौन लगाता था?" आम्ही बी.एड. झालो, इतिहास शिकवतो, पण या प्रश्नाचे उत्तर आमच्या कोणत्याही पाठ्यपुस्तकात नव्हते. नंतर कळले की या मुलाचे आजोबा बर्डीच्याच फुटपाथवर सुऱ्या-कात्र्यांना धार लावतात आणि वडीलही तेच काम करतात. प्रवेश अर्जावर मात्र वडिलांच्या धंद्यापुढे 'मजुरी' असे लिहिले होते. अर्ज आम्हीच भरून घेतला होता.

त्या मुलाच्या प्रश्नाचे उत्तर एका शब्दात आहे : शिकलगार. अरबीत 'सक्ल' म्हणजे घासून चकाकी आणणे आणि 'सैकल' म्हणजे ते काम करणारा. फारसीने त्याला 'गर' जोडून 'सैकलगर' केले आणि मराठीने 'शिकलगार'. मोल्सवर्थच्या 1831 च्या मराठी कोशाने या शब्दाची दखल घेतली आहे. आमच्या उर्दूत 'सैकल' आजही आहे, पण तो बहुधा काव्यात भेटतो. जुने आरसे काचेचे नसत, पोलादाचे असत. त्यांवर गंज चढे आणि ते पुन्हा पुन्हा घासावे लागत. म्हणूनच फारसी-उर्दू कवींनी मनाला आरसा म्हटले आणि पश्चात्तापाला सैकल. वर्गात गझल शिकवताना आम्ही हा अर्थ मोठ्या उत्साहाने सांगत आलो. सैकल करणाऱ्याचा नातू समोरच्या बाकावर बसला आहे, हे आम्हाला ठाऊक नव्हते.

आता त्याच्या दगडाकडे वळू. धार लावण्यासाठी पोलादापेक्षा कठीण पदार्थ लागतो. निसर्गातल्या सर्वांत कठीण खनिजांपैकी एक म्हणजे कुरुंद. काठिण्याच्या मोजपट्टीवर हिरा 10, कुरुंद 9, गारगोटी 7. माणिक आणि नीलम ही कुरुंदाचीच रंगीत, पारदर्शक रूपे. युरोपने हे खनिज भारताकडून ओळखले. त्याचे इंग्रजी नाव 'कोरंडम' हे तमिळ 'कुरुंदम'वरून आले. चार्ल्स ग्रेव्हिल या इंग्रजाने 1798 मध्ये आशियातील या दगडावर लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे निबंध मांडला. आपल्या नागपूरपासून साठेक किलोमीटरवरच्या भंडारा जिल्ह्यात, पोहऱ्याच्या परिसरात, कुरुंद सापडतो. पळस आणि कुसुमाच्या झाडांवरची लाखही याच जंगलपट्ट्यातली.

कुरुंद आणि लाख ही जोडी आम्ही मुद्दाम सांगतो आहोत. कुरुंद कुटायचा, चाळायचा, वितळलेल्या लाखेत मिसळायचा आणि त्याचे चाक ओतायचे, ही आपल्याकडच्या शिकलगारांची आणि रत्ने घासणाऱ्यांची जुनी पद्धत. एकाने पात्याला हात द्यायचा आणि दुसऱ्याने, पुष्कळदा घरच्या बाईने, चाकाच्या आसाला गुंडाळलेला पट्टा मागेपुढे ओढायचा. लाख उष्णतेने मऊ पडते, म्हणून हात हलका ठेवावा लागे. चाक झिजले की लाख वितळवून, नवी पूड घालून ते पुन्हा ओतता येई. म्हणजे दगड घासतो तसा स्वतःही घासला जातो आणि त्याची निगा हाच अर्धा धंदा, हे त्या काळीही प्रत्येक कारागीर जाणून होता. आपल्या घरातले जाते गुळगुळीत झाले की त्याला टाकी लावून घेतात, तसाच हा प्रकार.

1854 मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले आणि भोसल्यांची फौज संपली. 1878 च्या शस्त्र कायद्याने हत्यार बाळगायला परवाना आला. तलवार म्यानातून भिंतीवर गेली आणि शिकलगार वस्तरा, कात्री, विळी, सुरी यांच्याकडे वळला. दरबार सुटला आणि दारोदार फिरणे नशिबी आले. महाराष्ट्र शासनाच्या भटक्या जमातींच्या यादीत 'शिक्कलगार' हे नाव आहे. त्या नावामागे हा प्रवासही आहे.

दगडही बदलला. 1891 मध्ये अमेरिकेत एडवर्ड ॲचेसन यांनी विजेच्या भट्टीत सिलिकॉन कार्बाइड तयार केले आणि त्याला कार्बोरंडम असे नाव दिले. पुढे बॉक्साइट वितळवून कृत्रिम कुरुंदही होऊ लागला. 1941 मध्ये मुंबईजवळ उरणच्या मोरा येथे ग्राइंडवेल कंपनीने घासचाके बनवायला सुरुवात केली, 1954 मध्ये मद्रासला कार्बोरंडम युनिव्हर्सल निघाली. लाखेचे चाक मागे पडले. पट्टा ओढणाऱ्या हातांची जागा सायकलच्या पॅडलने घेतली. पुढे एड्सच्या भीतीने न्हाव्यांनी एकदा वापरून फेकायची पाती घेतली आणि वस्तऱ्याचे काम गेले. स्वस्त सुऱ्या आल्या, त्या धार गेली की फेकल्या जातात.

आणि आता सिरॅमिकचा दगड आला आहे. नाव नवे असले तरी वस्तू तीच. ॲल्युमिनियम ऑक्साइड, म्हणजे रसायनशास्त्राच्या भाषेत कुरुंदच. त्याची मैद्याहून बारीक पूड दाबून कडक भट्टीत भाजली की कण एकमेकांना चिकटतात आणि पांढरीशुभ्र, काचेसारखी नाद देणारी कांडी तयार होते.

बकरी ईदपूर्वी आम्ही बर्डीवरून अशी एक कांडी आणली. जनावराला कमीत कमी त्रास व्हावा म्हणून सुरी आधीच धारदार करावी, ती जनावरासमोर परजू नये, अशी हदीसची शिकवण आहे. पहिल्या ईदला कांडीने छान काम केले. पुढच्या ईदला ती काळीकुट्ट झालेली होती आणि सुरी तिच्यावरून नुसती सरकत होती. आम्ही ती फेकायला निघालो होतो. मुलाचा प्रश्न आठवला, म्हणून त्याच्या आजोबांना दाखवली. त्यांनी ती उन्हात धरून फिरवली आणि हसले. "मास्टर साब, पत्थर मरा नहीं है. इसका मुँह भर गया है."

त्या दुपारी चाचांनी फुटपाथवर आम्हाला जे शिकवले, ते वाचकांच्या उपयोगी पडावे म्हणून लिहून ठेवतो. सिरॅमिक दगड फारच थोडा झिजतो, पोलादच झिजते. पोलादाची ती बारीक कीस दगडाच्या छिद्रांत बसते आणि कणांची टोके झाकते. दगड काळा पडतो तो यामुळे. उपाय सोपा आहे. भांडी घासायची पावडर, पाणी आणि हिरवी घासणी घेऊन गोलगोल घासायचे, भरपूर पाण्याने धुवायचे आणि कोरडे पुसायचे. किरकोळ डाग शाळेतल्या खोडरबरानेही निघतात. या कांडीला तेल लावू नये. तेलाने कीस आणखी चिकटते. जोरही देऊ नये, सुरीच्या वजनाइतका दाब पुरे. खाली पडली तर ती काचेसारखी तुटते, म्हणून कापडात गुंडाळून ठेवावी.

धुऊनही दगड पकडत नसेल तर कणांची टोकेच गुळगुळीत झाली असे समजावे. मग हिऱ्याची पूड बसवलेल्या पत्रीने, पाणी घालून, हलक्या हाताने त्याचा वरचा थर खरवडावा लागतो. हीच त्याची टाकी.

काही सिरॅमिक दगड पाण्याचे असतात. त्यांत कण दुसऱ्या चिकट द्रव्याने बांधलेले असतात. ते लवकर झिजतात आणि मध्ये खोलगट होतात. खोलगट दगडावर सपाट धार येत नाही. पारख अशी : दगडावर पेन्सिलीने चौकटी आखाव्यात आणि तो सपाट पत्रीवर घासावा. जिथल्या रेघा उरल्या तिथे खड्डा. सगळ्या रेघा पुसल्या जाईपर्यंत घासावे. साधे दगड शहाबादी फरशीवर वाळू आणि पाणी टाकून सपाट करीत. सिरॅमिकपुढे वाळू हरते, कारण वाळू म्हणजे गारगोटी, ती 7 आणि हा 9. वापर झाल्यावर हा दगड सावलीत वाळवावा. नागपूरच्या मे महिन्यातल्या उन्हात तो तडकू शकतो.

आम्ही विचारले, "चाचा, तुम्ही स्वतः चाक वापरता, मग हे सगळे कसे ठाऊक?" ते म्हणाले, "पत्थर नया है, मैल तो वही पुराना है."

त्यांच्या चाकाशेजारी पाण्याचा डबा असतो. पाते तापले की त्यात बुडवायचे. जास्त तापले तर ते निळे पडते आणि पोलादाचे 'पाणी' उतरते. 'पाणीदार' हा शब्द आपण माणसांनाही लावतो, पण ते पाणी राखतो कोण, याची चौकशी आपण करीत नाही. आमच्या इतिहासात तलवारीला नाव आहे, तलवार धरणाऱ्याला नाव आहे, लढाईला तारीख आहे. धार लावणाऱ्याचा उल्लेख शब्दकोशात आणि शासनाच्या यादीत. हा इतिहास लिहायचा तर दूर जावे लागणार नाही. तो बर्डीच्या फुटपाथवर, मेट्रोच्या खांबांच्या आसपास कुठेतरी बसलेला आहे. मात्र चाचांचे हात आता थरथरतात, आणि मुलाने हे काम करू नये अशी घरच्यांची इच्छा आहे. आमचीही तीच इच्छा आहे. त्याने शिकावे, पुढे जावे. पण आजोबांना जे येत होते ते काय होते, हे त्याला सांगता यावे.

त्या मुलाचा अर्ज आम्ही पुन्हा काढला. वडिलांना विचारून 'मजुरी' खोडले आणि त्यापुढे नवा शब्द लिहिला. उर्दूत सैकलगर, मराठीत शिकलगार. मुलाने दोन्ही वाचून पाहिले. पुढच्या 26 जानेवारीला किल्ल्यावर लढाईचा धडा आम्ही दिला. धारेचा धडा त्याने दिला.