उपाशी अजगराला आधी भरवू नका

हाडे वर आलेला साप कुणाच्या हाती आला की पहिला सल्ला ठरलेला असतो: "आधी त्याला खायला घाला." त्यामागे दया असते, आणि भुकेल्या जिवाला अन्न द्यावे यावर वाद कसला, असेच सगळ्यांना वाटते. मला मात्र हा वाद घालायचा आहे. कारण हा सल्ला पाळल्याने साप दगावतात, आणि वाचवू पाहणाऱ्याच्या हातूनच दगावतात.

मी बोलतो आहे ते बॉल पायथनविषयी. सेनेगलपासून युगांडापर्यंतच्या गवताळ प्रदेशात, उंदरांच्या बिळांत आणि वाळवीच्या वारुळांत राहणारा हा तीन ते पाच फुटी अजगर. घाबरला की अंगाचे वेटोळे करून डोके आत लपवतो, चावायला सहसा धावत नाही. या शांत स्वभावापायीच घाना, टोगो आणि बेनिनमधून तो लाखोंच्या संख्येने जगभरच्या घरांत गेला. पण त्याचे आयुष्य लांबलचक असते. अमेरिकेत सेंट लुई प्राणिसंग्रहालयात 1961 पासून असलेल्या एका मादीने 2020 मध्ये, वयाच्या साठीनंतर, अंडी घातली. माणसाची हौस दोन-चार वर्षांत फिटते, साप पुढे वीस-पंचवीस वर्षे जगायचा असतो. मग तो कोपऱ्यातल्या काचपेटीत विसरला जातो. दिवा गेलेला, पाण्याचे भांडे कोरडे, महिनोन्महिने भक्ष्य नाही. सुटका होऊन तो नव्या माणसाकडे येतो तेव्हा पाठीचा कणा कौलाच्या धारेसारखा वर आलेला असतो.

आता पूर्वपक्ष नीट ऐकून घेऊ. त्याची बाजू दुबळी करून मांडण्यात अर्थ नाही. तो म्हणतो, अजगराचे शरीर मुळात दीर्घ उपास आणि मोठ्या जेवणासाठीच घडलेले आहे. रानात त्याला रोज कोण वाढतो? महिनोन्महिने काही मिळत नाही, मग एकदम मोठे भक्ष्य मिळते, आणि तो ते पचवतो. याला संशोधनाचाही आधार आहे. मार्शल मॅक्यू या अमेरिकी संशोधकाने 2007 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात बॉल पायथनसह तीन जातींच्या सापांना सुमारे सहा महिने उपाशी ठेवले होते. त्या सापांनी आपला ऊर्जेचा खर्च 72 टक्क्यांपर्यंत कमी केला, आणि आश्चर्य म्हणजे त्या काळात ते लांबीने वाढलेही. असा प्राणी सहा महिन्यांच्या उपासानंतर पोटभर जेवला तर बिघडले कुठे? शिवाय पूर्वपक्ष अनुभवाचा दाखलाही देतो: असे साप समोर धरलेला उंदीर झडप घालून गिळतात. भूक आहे म्हणून तर गिळतात!

यातला प्रत्येक मुद्दा खरा आहे. चूक आहे ती त्यावरून काढलेल्या निष्कर्षात.

पहिली गोष्ट, उपास आणि खंगणे एक नव्हे. मॅक्यूचे साप धडधाकट होते. चरबीचा साठा अंगात घेऊन ते उपासाला बसले होते, आणि शरीर तो साठा हिशेबाने खर्चत होते. बॉल पायथनची मादी अंड्यांभोवती वेटोळे घालून सुमारे दोन महिने बसते, तेव्हाही सहसा खात नाही. पण तिच्याजवळ शिल्लक असते. दुर्लक्षित सापाची शिल्लक केव्हाच संपलेली असते, आणि तो नुसता उपाशीही नसतो. थंडीने त्याचे शरीर मंदावलेले असते, पाण्याविना तो आतून सुकलेला असतो, खवल्यांच्या फटींत रक्तपिपासू माइट असतात, आतड्यात जंत असू शकतात, फुप्फुसात संसर्ग असू शकतो. धडधाकट सापाच्या उपासावरून या सापाविषयी अनुमान काढणे म्हणजे मुळात वेगळ्याच प्राण्याविषयी बोलणे.

दुसरी गोष्ट पचनाची. 1990 च्या दशकात स्टीफन सेकोर आणि जॅरेड डायमंड यांनी बर्मी अजगरावर केलेले काम इथे फार मोलाचे आहे. उपासाच्या काळात अजगर आपली पचनसंस्था जवळजवळ बंद करून ठेवतो. जठरात आम्ल नसते, आतडे आक्रसलेले असते. भक्ष्य गिळल्यावर दोन दिवसांत लहान आतड्याचे वजन दुपटीच्या आसपास जाते, जठर आम्लाने भरते, आणि भक्ष्य फार मोठे असेल तर ऑक्सिजनचा वापर चाळीस पटींपलीकडे चढतो. 2005 च्या एका अभ्यासात तर हृदयाच्या जवनिकेचे वजन 48 तासांत 40 टक्क्यांनी वाढल्याचे दिसले. या सगळ्याचा खर्च सेकोर-डायमंड यांच्या मते अजगराला आधी पदरचा करावा लागतो; अन्नातली ऊर्जा हाती येते ती नंतर. पीक कितीही चांगले येणार असले तरी पेरणीचे बियाणे आधी घरात लागते, तसेच हे. ज्याचे बियाणेच संपले आहे त्याला मोठे शेत देऊन काय उपयोग?

यावर जाणकार प्रतिवाद करील, आणि तो रास्त आहे. जर्मन संशोधक मथियास स्टार्क यांनी दाखवून दिले की आतडे फुगते ते नव्या पेशी घडवून नव्हे. आधीच असलेल्या, घडी घालून ठेवलेल्या पेशी रक्त आणि द्रव भरून ताणल्या जातात, म्हणून हा बदल स्वस्तात होतो. हे मान्य करू. मग प्रश्न उरतो, आतडे फुगवायला लागणारे रक्त आणि द्रव सुकलेल्या सापाने आणायचे कुठून? म्हणजे सेकोर-डायमंड बरोबर असोत की स्टार्क, खंगलेल्या सापापुरता निर्णय एकच येतो. एकाच्या मते त्याच्याजवळ साठा नाही, दुसऱ्याच्या मते लागेल ते पाणी नाही. मोठे भक्ष्य दोन्ही हिशेबांनी अवेळीच ठरते.

तिसरी गोष्ट मूत्रपिंडाची, आणि तिच्याकडे फार कमी लोक पाहतात. उंदीर म्हणजे प्रामुख्याने प्रथिने. सापाच्या शरीरात प्रथिनांतल्या नत्राचे यूरिक आम्ल होते आणि ते मूत्रपिंडावाटे बाहेर पडते. शरीरात पाणी नसेल तर हे आम्ल साचते आणि त्याचे खडे मूत्रपिंडात, सांध्यांत, कधी हृदयाच्या आवरणावरही बसतात. माणसातल्या गाउटचाच हा प्रकार. मोठ्या जेवणाने ज्याला वाचवायचे, त्याची मूत्रपिंडे त्याच जेवणाने निकामी होऊ शकतात.

चौथी गोष्ट रक्तातल्या क्षारांची. उपासमारीनंतर एकदम भरपूर अन्न मिळाले की रक्तातले फॉस्फेट, पोटॅशियम आणि मॅग्नेशियम झपाट्याने पेशींत ओढले जाते आणि हृदय कोलमडू शकते. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस माणसांनी हे अनुभवले. बर्गन-बेल्सनची छावणी एप्रिल 1945 मध्ये मुक्त झाली, त्यानंतरही तिथे हजारो माणसे दगावली. टायफस आणि उपासमार ही मोठी कारणे होतीच, पण खंगलेल्या शरीराला न झेपणारे अन्न हेही त्यांतले एक होते. तिथले अन्नही दयेपोटीच दिले गेले होते.

राहिला "गिळतो म्हणजे पचवतो" हा दाखला. गिळणे हे क्षणाचे काम आहे, पचवणे कित्येक दिवसांचे. पेटी थंड असेल तर गिळलेला उंदीर आत कुजू लागतो आणि तीन-चार दिवसांनी साप तो ओकून टाकतो. त्या ओकारीबरोबर जठरातले आम्ल आणि अंगातले पाणीही जाते, अन्ननलिका सोलवटून निघते. आधीच अशक्त असलेला साप अशा दोन ओकाऱ्यांत संपतो. "परवा तर छान खाल्ले होते," असे मग हळहळून म्हटले जाते. ते खाणे हेच कारण होते, हे लक्षात येत नाही.

मग करावे काय? क्रम असा: आधी ऊब, मग पाणी, मग विश्रांती आणि तपासणी, शेवटी अन्न.

पेटीची एक बाजू 31 ते 33 अंश सेल्सिअस, दुसरी 25 ते 27. उष्णतेच्या साधनाला थर्मोस्टॅट हवाच. तापणाऱ्या कृत्रिम दगडांवर साप पोट भाजेपर्यंत पडून राहतात. दोन्ही बाजूंना अंग चेपून बसेल एवढीच लपायची जागा. हवेत आर्द्रता साठ टक्क्यांच्या आसपास. पाण्याचे भांडे जड आणि सदा भरलेले. पाण्यात न बुडवता, कोमट पाण्याने भिजवलेल्या टॉवेलवरून त्याला सावकाश सरकू दिले तर अडकलेली कात सैल होते. डोळ्यांवरची कात मात्र नखाने ओढू नये. सुकलेपण फार असेल तर सलाइन लागते, आणि ते पशुवैद्याचे काम. विष्ठेची तपासणी, तोंडातली सूज, श्वासाची घरघर हेही त्यानेच पाहायचे. घरात दुसरे साप असतील तर हा वेगळ्या खोलीत ठेवावा, त्याची भांडी-चिमटेही वेगळे.

सुकलेपण ओळखता येते. कुशीवरची कातडी चिमटीत धरून सोडली की उभी घडी तशीच राहते, डोळे आत गेलेले असतात, तोंडातली लाळ तारेसारखी ताणली जाते. एक-दोन आठवड्यांत घडी मिटू लागते, साप रात्री बाहेर येऊन जीभ लपलपवू लागतो, पांढरी मऊ लघवी टाकतो. आता अन्नाची वेळ आली. पहिले भक्ष्य त्याच्या आजच्या वजनाच्या पाच टक्के असावे, जे असायला हवे त्या वजनाच्या नव्हे. दीड किलो भरायला हवी अशी मादी आज सातशे ग्रॅम असेल, तर पस्तीस ग्रॅमचे पिल्लू पुरे. उंदीर मेलेला आणि कोमट केलेला असावा. जिवंत उंदीर अशक्त सापाला कुरतडतो. नंतर काही दिवस सापाला हात लावू नये. दहा दिवसांनी विष्ठा नीट झाली असेल तर पुन्हा तेवढेच, मग हळूहळू दहा टक्क्यांपर्यंत. ओकले तर किमान दोन आठवडे फक्त पाणी, आणि पुढचे भक्ष्य निम्मे.

याच्या उलट टोकाचे मतही तितकेच घातक आहे: "अजगर आहे, राहील उपाशी, वाटेल तेव्हा खाईल." धडधाकट बॉल पायथन विणीच्या हंगामात महिनोन्महिने खात नाही हे खरे, पण त्याचे वजन फारसे घटत नाही. खंगलेल्या सापाला ही मोकळीक नाही. ऊब, अंधार, शांतता आणि पाणी देऊनही तो खात नसेल, वजन उतरतच असेल, तर पशुवैद्य नळीने पातळ आहार देतो. घरी जबडा उघडून उंदीर कोंबणे हा त्यावरचा उपाय नाही.

आपल्याकडे हा विषय आता परका राहिलेला नाही. मुंबई-चेन्नईच्या विमानतळांवर प्रवाशांच्या सामानात हे साप वारंवार सापडले आहेत, आणि वन्यजीव संरक्षण कायद्यातील 2022 च्या दुरुस्तीनंतर आलेल्या 2024 च्या नियमांनुसार असे परदेशी प्राणी बाळगणाऱ्याला परिवेश या सरकारी संकेतस्थळावर नोंदणी करावी लागते. आपले सर्पमित्र नाग, घोणस, धामण पकडून रानात सोडण्यात तरबेज आहेत. हा आफ्रिकी साप आपल्या रानात सोडताच येत नाही, सांभाळावाच लागतो. नागपंचमीला नाग दूध पितो ते कित्येक दिवस तहानलेला ठेवल्यामुळे, हे सर्पमित्रांनी महाराष्ट्राला वर्षानुवर्षे समजावले. तहान आधी भागवायची असते, ही गोष्ट म्हणून मराठी वाचकाला नवी नाही. ती इथेही लावायची एवढेच.

दया हवीच, पण तिला क्रम हवा. साप वाचला की नाही, हे त्याने पहिला उंदीर गिळला यावरून ठरत नाही. दर आठवड्याला त्याला स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवा आणि वजन वहीत लिहा. तीन महिने ते आकडे थोडे थोडे, न घसरता वर गेले, तरच म्हणा की आपण त्याला वाचवले.