आकाशात आज्ञा कोणाची?

७ एप्रिल १९२२ रोजी क्रॉयडनहून पॅरिसकडे निघालेले टपालाचे विमान आणि पॅरिसहून क्रॉयडनकडे येणारे उतारूंचे विमान उत्तर फ्रान्समध्ये धुक्यात समोरासमोर आदळली. आकाश एवढे अफाट, विमाने अवघी दोन, मग ती एकाच ठिकाणी यावीत कशी? कारण अगदी साधे होते. त्या काळचे वैमानिक जमिनीवरची सडक पाहत उडत असत, आणि दोघांनीही एकच सडक धरली होती. त्या अपघातात सात माणसे दगावली.

विमानांमध्ये अंतर राखण्याची जबाबदारी तेव्हा सर्वस्वी वैमानिकाच्या डोळ्यांवर होती. १९३५ च्या अखेरीस अमेरिकेत नेवार्क येथे काही विमान कंपन्यांनी एक खोली उघडली. तेथे नकाशावर पितळी खुणा हातांनी पुढे सरकवून विमानांचा अंदाज बांधीत. तरीही विमानमार्गांबाहेरचे आकाश मोकळेच राहिले. ३० जून १९५६ रोजी लॉस एंजेलिसहून तीन मिनिटांच्या अंतराने उडालेली दोन मोठी विमाने ग्रँड कॅन्यनवर २१ हजार फुटांवर एकमेकांवर आदळली आणि १२८ जण ठार झाले. दोन्ही विमाने एकाच सुमारास एकाच प्रदेशावर येणार, हे जमिनीवरच्या एका नियंत्रकाला कळलेले होते. पण त्या आकाशात इशारा देणे त्याच्या कर्तव्यात बसत नव्हते! कार्यालयीन जीवनात वावरलेल्या माणसाला हे वाक्य फारसे अपरिचित वाटू नये.

डोळ्यांनंतर भिस्त आली ती शब्दावर. शब्दावरची भिस्त किती दूर नेऊ शकते, हे आपल्याच देशाने १२ नोव्हेंबर १९९६ च्या संध्याकाळी पाहिले. दिल्लीहून धहरानकडे निघालेले सौदी बोइंग ७४७ वर चढत होते. त्याला १४ हजार फुटांवर थांबावयास सांगितले होते. चिमकेंटहून दिल्लीला येणारे कझाक इल्यूशिन उतरत होते. त्याला १५ हजारांची मर्यादा घातली होती. दिल्लीभोवतीचे बरेचसे आकाश लष्कराकडे असल्यामुळे येणाऱ्या व जाणाऱ्या विमानांना वाट एकच होती. नियंत्रकाने कझाक विमानाला समोरून येणाऱ्या बोइंगची सूचनाही दिली होती. परंतु दिल्लीच्या तेव्हाच्या रडारला विमान कोठे आहे एवढेच दिसे. ते किती उंचीवर आहे हे दिसत नसे. उंची म्हणजे वैमानिक सांगेल ती. कझाक विमानात नियंत्रकाशी इंग्रजीतून बोलण्याचे काम रेडिओ-चालकाकडे होते. विमान १५ हजारांवर आल्याचे कळविले गेले आणि तरीही ते खाली येत राहिले. हरियाणातील चरखी दादरीजवळ ३४९ माणसे मृत्यू पावली. उंचीही दाखविणारे दुय्यम रडार दिल्लीत बसविण्याचे काम तेव्हा चालू होते. लाहोटी आयोगाच्या चौकशीनंतर येण्याजाण्याच्या वाटा वेगळ्या झाल्या आणि विमानात टक्कर टाळणारे यंत्र असलेच पाहिजे असा दंडक भारताने घातला.

हे यंत्र जमिनीवरच्या कोणाचीही परवानगी घेत नाही. ते समोरच्या विमानातील यंत्राला प्रश्न करते, त्याच्या उत्तरावरून दोघांची गाठ किती सेकंदांत पडेल हे मोजते, आणि एका वैमानिकाला ‘चढा’, तर दुसऱ्याला ‘उतरा’ असे सांगते. अमेरिकेने १९८६ च्या सेरिटोस येथील टकरीनंतर ते प्रवासी विमानांना सक्तीचे केले. मात्र यंत्र एक सांगत असता नियंत्रकाने दुसरेच सांगितले तर काय करावयाचे, याचे एकमुखी उत्तर कोणीच लिहून ठेवले नव्हते.

३१ जानेवारी २००१ रोजी जपानच्या आकाशात हा प्रसंग आलाच. दोन विमानांतील पावणेसातशे माणसे थोडक्यात बचावली. त्या चौकशीचा अहवाल जुलै २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. तोवर फार उशीर झालेला होता.

१ जुलै २००२ च्या रात्री जर्मनीतील युबरलिंगेनवर एक रशियन तुपोलेव्ह आणि एक मालवाहू बोइंग ७५७ समान उंचीवरून एकमेकांच्या वाटेत येत होती. झुरिचमध्ये एकच नियंत्रक दोन पडद्यांवर काम करीत होता. त्याचा सहकारी विश्रांतीला गेला होता. दुरुस्तीमुळे मुख्य दूरध्वनी आणि धोक्याचा इशारा देणारी सोय बंद होती. त्याने धोका उशिरा ओळखला व तुपोलेव्हला ‘खाली उतरा’ म्हटले. काही क्षणांतच विमानातील यंत्र म्हणाले, ‘चढा.’ वैमानिकाने माणसाचे ऐकले. बोइंगने यंत्राचे ऐकले, आणि तेही उतरू लागले. ७१ जण गेले. त्यांत सुटीला निघालेली शाळकरी मुले बहुसंख्य होती. यंत्रे बोलली आहेत हे झुरिचच्या नियंत्रकाला वेळेत कळलेच नाही.

वैमानिकाचा दोष म्हणावा काय? मला तसे म्हणवत नाही. ज्याचा आवाज आयुष्यभर प्रमाण मानला, त्याचाच आवाज त्याने मानला. आणि त्याच्या हाती असलेल्या पुस्तकांत नियंत्रकालाच प्राधान्य दिले आहे असे वाटण्यास पुरेशी जागा होती.

आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने २००३ मध्ये नियमांची भाषा स्पष्ट केली. यंत्राने चढा म्हटले तर चढावयाचे, नियंत्रक काहीही म्हणो. वैमानिकाने रेडिओवरून ‘टीकॅस आरए’ एवढे उच्चारले की नियंत्रकाने त्या विमानाची चाल बदलण्याची आज्ञा द्यावयाची नाही. त्याने केवळ ‘रॉजर’ म्हणावयाचे, आणि वाट पाहावयाची.