खणातले दफ्तर

आमच्या लिहिण्याच्या मेजाला तीन खण आहेत. वरच्यात चष्मा आणि पेन्शनीचे कागद, मधल्यात औषधे, आणि खालच्या खणात आम्ही आजवर वापरून बाजूस ठेवलेले मोबाईल. असे चार नग तेथे आहेत. पाचवा अद्याप खिशात आहे. घरातील मंडळी या खणास भंगार म्हणतात. आम्ही हयातभर शाळेत इतिहास शिकविला, म्हणून आम्ही त्यास दफ्तर म्हणतो. ‘भ्रमणध्वनी’ हा शब्द सरकारी कागदावर शोभून दिसतो, पण तो कोणी तोंडाने उच्चारल्याचे आम्ही ऐकलेले नाही. तेव्हा मोबाईल असेच म्हणू.

हिंदुस्थानात टेलिफोन नवा नव्हे. कलकत्ता, मुंबई आणि मद्रास येथील एक्सचेंजे १८८२ सालच्या जानेवारीत सुरू झाली. परंतु आमच्या पिढीने टेलिफोन पाहिला तो बहुधा दुसऱ्याच्या घरी. अर्ज करून वर्षानुवर्षे नंबर लागण्याची वाट पाहावी, आणि तोवर शेजारच्या डॉक्टरांच्या किंवा वाण्याच्या नंबरापुढे कंसात ‘पी. पी.’ लिहून आपला म्हणून द्यावा, अशी रीत होती. नव्वदीच्या आसपास कोपऱ्याकोपऱ्यांवर पिवळ्या पाट्यांची एस. टी. डी. बूथे आली, तेव्हा आम्हांस वाटले की क्रांती झाली. खरी क्रांती निराळीच होती. मार्टिन कूपर या मोटोरोला कंपनीच्या अभियंत्याने ३ एप्रिल १९७३ रोजी न्यूयॉर्कच्या रस्त्यावर उभे राहून, किलोभराहून थोड्या अधिक वजनाच्या यंत्रावरून आपल्या प्रतिस्पर्धी कंपनीतील जोएल एंगेल यांना फोन लावला. आपण जिंकलो हे हरलेल्यालाच प्रथम कळवावे, हा मोह मनुष्यस्वभावास धरूनच आहे! आपल्याकडे तो दिवस ३१ जुलै १९९५ रोजी उजाडला. पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू कलकत्त्याहून दिल्लीस दूरसंचारमंत्री सुखराम यांच्याशी बोलले. त्या काळी दर मिनिटाला सोळा रुपयांपर्यंत जात असे, आणि आलेल्या फोनचेही पैसे पडत. म्हणजे कोणी आपणांस शिव्या देण्यासाठी फोन केला, तर त्या शिव्याही विकत घ्याव्या लागत.

खणातील पहिला नग नोकियाचा ५११० आहे. तो २००० साली आमच्या जावयांनी नवा घेतल्यावर जुना म्हणून आमच्याकडे आला. मधल्या काळात १९९९ च्या दूरसंचार धोरणाने कंपन्यांची ठरावीक परवानाफी काढून उत्पन्नातील हिस्सा घेण्याची पद्धत आणली होती आणि दर उतरू लागले होते. तरी पेन्शनरास ते परवडण्याजोगे नव्हते. आम्ही तो फोन बहुतेक बंदच ठेवीत असू. कोणाचा नंबर आला की उचलावयाचा नाही, तोडावयाचा, आणि चपला घालून बूथावर जाऊन त्यास उलट फोन करावयाचा. मोबाईल खिशात आणि बोलणे बूथावर, असा हा दुहेरी संसार तीन वर्षे चालला.

येथे एक गोष्ट इतिहासाच्या विद्यार्थ्याने टिपून ठेवण्याजोगी आहे. सरकारने मोबाईलसाठी देशाचे जे विभाग पाडले, त्यांत मुंबई हा निराळा विभाग होता आणि उरलेला महाराष्ट्र गोव्यासह दुसरा. त्यामुळे नाशिकहून निघालेला मनुष्य पणजीस गेला तरी तो घरीच असे. पण मुंबईची गाडी कल्याणाकडे आली की त्याच्या यंत्रावर परक्या मुलखाची निशाणी उमटे आणि रोमिंगचा आकार सुरू होई. ज्या मुंबईसाठी माणसांनी गोळ्या खाल्ल्या आणि जी १९६० साली पदरात पडली, ती टेलिफोनच्या नकाशावर पुन्हा वेगळी काढली गेली, आणि त्यावर एक मोर्चाही निघाला नाही. आम्ही स्वतः तरी कोठे निघालो होतो? आम्ही कल्याण येण्याआधी फोन बंद करीत असू.

२००३ साली येणारे फोन फुकट झाले. त्याच पावसाळ्यात एका कंपनीने ५०१ रुपये भरा आणि फोन न्या अशी योजना काढली आणि भाजीवाल्यांपासून गवंड्यांपर्यंत सर्वांच्या हाती यंत्र आले. त्याच वर्षी नोकियाचा ११०० निघाला. या यंत्राविषयी थोडे विस्ताराने लिहिले पाहिजे, कारण आमच्या दफ्तरातील ते मुख्य बाड आहे. जगभर या फोनचे पंचवीस कोटींच्या वर नग खपले. त्यात कॅमेरा नव्हता, रंगीत पडदा नव्हता. होती ती डोक्यावर एक विजेरी आणि धूळ आत जाऊ नये म्हणून अखंड रबरी पत्र्याची कळपट्टी. रात्री भारनियमन संपून वीज आली की मोटार सुरू करावयास विहिरीवर जाणाऱ्या शेतकऱ्यास यापरते काय हवे होते?

असा शेतकरी आमच्या घरात होता. आमचे थोरले बंधू, ज्यांना आम्ही दादा म्हणत असू, ते सिन्नरकडे वडिलांचा मळा सांभाळीत. उतारवयात त्यांचे कान गेले. बूथावरून त्यांच्याशी बोलणे म्हणजे सबंध बाजारास आपले घर ऐकविणे होते. २००४ साली आम्ही दोन ११०० घेतले, एक त्यांना आणि एक आम्हांस. पुतण्याने त्यांना एस. एम. एस. लिहावयास शिकविले. बहिऱ्या मनुष्यास या चिठ्ठ्यांनी केवढा आधार दिला, हे ज्यांच्या घरी बहिरे माणूस आहे त्यांनाच उमजेल.

आता या चिठ्ठीचे गणित पाहू. एका चिठ्ठीत ११२० बिटे मावतात. रोमन अक्षरास सात पुरतात, म्हणून रोमन अक्षरे १६० बसतात. देवनागरीच्या प्रत्येक चिन्हास सोळा लागतात, म्हणून चिन्हे फक्त ७० बसतात, आणि काना, मात्रा, वेलांटी ही सर्व स्वतंत्र चिन्हे म्हणून मोजली जातात. ‘नाशिक’ लिहिण्यास पाच आणि ‘क्षेत्र’ लिहिण्यास सात! ज्या फोनांत देवनागरी होती त्यांवरही ती महाग पडे. आमच्या बंधूंच्या हातून तर ती कळपट्टीवर उमटतच नसे. परिणाम असा झाला की साऱ्या महाराष्ट्राने आपली मराठी रोमन लिपीत लिहावयास घेतली, आणि कोणी तसा ठराव केलेला नव्हता. आम्हांस यात मोडीचे पुनरागमन दिसते. मोडीही घाईची लिपी होती. तिच्यातही ऱ्हस्वदीर्घाचा धरबंद नव्हता आणि वाचणाऱ्यास आधी मजकुराचा अंदाज बांधून मग अक्षर लावावे लागे. मोडी वाचनात चुकलेल्यांनी इतिहासात काय काय घोटाळे केले ते आम्ही वर्गात रंगवून सांगत असू. आपणही त्याच खड्ड्यात जाणार आहो हे तेव्हा ठाऊक नव्हते.

२००६ साली मळ्यास गिऱ्हाईक आले. प्लॉट पाडणारा मनुष्य होता. आम्ही दादांस चिठ्ठीने दोन प्रश्न विचारले: गिऱ्हाइकाचे काय करावयाचे, आणि वडिलांच्या मिळकतीतील आमचा वाटा आता कागदावर यावा की नाही. दुसरा प्रश्न विचारावयास नको होता, हे आज कळते. तिसऱ्या दिवशी उत्तर आले. त्यात एम, ए, एल, ए या चार अक्षरांचा एक शब्द आणि पुढे ‘द्यायचा नाही’ एवढेच होते. आम्ही वाचले, ‘मला द्यायचा नाही’. म्हणजे वाटा द्यावयाची त्यांची इच्छा नाही! ज्याने बापाच्या मागे आम्हांस शिकविले, त्याने एका ओळीत संबंध तोडला, असे आम्ही समजलो. उत्तर पाठविले नाही. त्यांनीही पुन्हा विचारले नाही, कारण आमच्या मौनाचा अर्थ त्यांनी असा लावला की धाकट्यास मळा विकावयाचा आहे आणि नकार आवडलेला नाही. दिवाळी गेली, संक्रांत गेली. घरातून ‘एकदा जाऊन तरी या’ असा आग्रह होत होता. तो आम्ही मानला नाही. सुमारे अकरा महिन्यांनी दादा मोतीबिंदूसाठी नाशकास आले तेव्हा वहिनी एकट्या आमच्या घरी आल्या आणि ओट्यापाशी उभ्या राहून म्हणाल्या, “भाऊजी, मळा द्यायचा नाही म्हटलं म्हणून एवढा राग? तुमच्या वाट्याचा कागद तर ह्यांनी तेव्हाच करून ठेवलाय.”

मळा! रोमन लिपीत ‘ल’ आणि ‘ळ’ यांस एकच अक्षर, आणि ऱ्हस्वदीर्घास कोणतीच खूण नाही. आम्ही इस्पितळात गेलो. त्यांच्या डोळ्यांवर पट्टी आणि कान गेलेले. न बोलता त्यांच्या हातावर बोटाने देवनागरी ‘ळ’ काढला. त्यांना तो लगेच कळला.

२०११ साली दादा गेले. त्याआधी आमचा तिसरा फोन आला होता, मायक्रोमॅक्सचा, दोन सिमकार्डांचा. त्यातील त्यांच्या शेवटच्या चिठ्ठ्या तो सुरूच होत नसल्याने आमच्या हाती नाहीत. चौथा २०१४ सालचा, बोटाने चालणारा. ५ सप्टेंबर २०१६ रोजी जिओची सेवा सुरू झाली आणि इंटरनेट पाण्याच्या भावाने मिळू लागले. तेव्हापासून देवनागरी लिहिण्यास खर्च उरलेला नाही, आणि आम्हांस रोज सकाळी चाळीस जणांकडून फुलांची चित्रे येतात. या दोन फोनांविषयी अधिक लिहावे असे काही नाही.

२०२१ साली आम्ही तो ११०० पुन्हा सुरू करावयाचे मनावर घेतले. त्याच्या जाड पिनेचा चार्जर मिळेना. बॅटरी मात्र सहज मिळाली, कारण भजने वाजविणाऱ्या चिमुकल्या रेडिओंत आजही तीच घालतात. नव्या सिमकार्डाच्या भोवतीची चौकट न मोडता ते बसविले. घड्याळ सर्व विसरले होते, परंतु चिठ्ठ्यांवरील तारखा शाबूत होत्या. त्या पाठविणाऱ्याने नव्हे, मधल्या केंद्राने घातलेल्या असतात. पेशवाईतील कागद चाळणाऱ्यांस या सुखाची किंमत कळेल. तेथे पत्रावर चंद्र असतो, महिना असतो, आणि वर्ष मात्र संशोधकाने शोधून काढावयाचे असते.

दादांच्या एकूण अकरा चिठ्ठ्या निघाल्या. पाच वर्षांत त्यांनी शेकड्यांनी पाठविल्या असतील. फोनात जागा थोडी. ती भरली की पडद्यावर लिफाफ्याचे चित्र लुकलुकू लागे आणि जुनी पुसल्याखेरीज नवी आत येत नसे. ‘पाऊस झाला’, ‘भाजी पाठवली आहे’, ‘उद्या येतो’ अशा चिठ्ठ्या आम्ही बँकेच्या सूचनांना जागा करण्यासाठी आपल्या हाताने पुसल्या. उरलेल्या अकरांपैकी सात मळ्याच्या वादाच्या आहेत. त्या पुरावा म्हणून राखल्या होत्या! पेशवे दफ्तर वतनाच्या तंट्यांनी आणि हिशेबांनी का भरले आहे, आणि माणसांची साधी, मायेची पत्रे त्यात इतकी थोडी का, याचे उत्तर आम्ही अनेक वर्षे ग्रंथांत शोधले. तंट्याचा कागद कोणी टाकीत नाही. वि. का. राजवाड्यांनी १८९८ साली साधनांचा पहिला खंड काढला आणि पुढे गावोगाव हिंडून दफ्तरे जमविली, तेव्हा वाण्याच्या दुकानी पुड्या बांधण्यास गेलेल्या कागदांबद्दल हळहळ वाटावी असेच दिवस होते. आमच्या पुड्या आम्हीच बांधल्या.

हा पत्रव्यवहार एकतर्फी आहे, हेही सांगितले पाहिजे. आवक आहे, जावक नाही. दादांचा फोन त्यांच्या मागे पुतण्याने जुन्यावर सवलत मिळते म्हणून दुकानात दिला, आणि आमच्या चिठ्ठ्या त्याबरोबर गेल्या. त्यास दोष देण्याचा आम्हांस अधिकार नाही. पण आम्ही दादांस नेमके कोणत्या शब्दांत विचारले होते, ते शब्द इतके कोरडे होते काय की त्यांना आमच्याविषयी तसे वाटावे, याचा निवाडा आता होणे नाही. स्मरणावर विसंबावे, तर ते नेहमी आमच्याच बाजूने साक्ष देते.

फोन फार काळ चालेल असे दिसेना, म्हणून आम्ही अकराही चिठ्ठ्या एका वहीत बाळबोधीत उतरल्या आणि प्रत्येकीखाली तारीख व वेळ लिहिली. त्या एका ठिकाणी मात्र ती चार रोमन अक्षरे जशीच्या तशी ठेवली आणि समासात दोन्ही पाठ दिले: आधी आमचा, मग वहिनींचा. मळा अजून आहे, त्यात आता द्राक्षे आहेत. पुतण्याने गेल्या उन्हाळ्यात वही वाचावयास नेली. दोनदा मागितली, “काका, आणतो” म्हणतो, अजून आणलेली नाही.