डिझेलची दांडी

जुन्या डिझेल गाडीचं पिकअप कमी झालं की मालक लगेच पंपाकडे बोट दाखवतो. जाणता मिस्त्री मात्र आधी एक्सिलेटरची दांडी हलवून बघतो. आजचा विषय ही दांडी. रुक्ष वाटेल, पण मंडळी, तिच्या इतिहासातला एक टप्पा आपल्या जालना रोडवरच घडलाय :-)

आधी थोडं तंत्र. पेट्रोल गाडीत एक्सिलेटर दाबला की हवेची झडप उघडते. डिझेलमध्ये हवा बहुधा अडवलेलीच नसते. डिझेल किती जायचं एवढंच पंप ठरवतो. असे पंप बॉशने १९२७ मध्ये मोठ्या प्रमाणावर बनवायला घेतले, आणि १९३६ मध्ये मर्सिडीजची २६०-डी ही डिझेल मोटार आली. भारतात हे काम केलं १९५१ मध्ये बंगळूरला स्थापन झालेल्या मायकोने.

आता गंमत बघा. जीप-ट्रॅक्टरच्या पुष्कळ पंपांत दांडी थेट डिझेल सोडतच नाही. ती गव्हर्नरच्या स्प्रिंगला ताण देते. गव्हर्नर म्हणजे फिरणारी वजनं, जेम्स वॅटने १७८८ मध्ये वाफेच्या इंजिनाला लावली तीच कल्पना. पाय फक्त "एवढा वेग पाहिजे" अशी विनंती करतो. निर्णय गव्हर्नरचा.

सिल्लोड, पैठणकडे धावणाऱ्या काळीपिवळ्या जीपांनी ही व्यवस्था मराठवाड्याच्या धुळीत वर्षानुवर्षं चालवली. डिसेंबर १९९८ मध्ये इंडिका आली आणि डिझेल गाडी मध्यमवर्गीयांच्या दारात पोचली. तिच्यात दांडीऐवजी केबल होती, पण काम तेच.

या जोडणीचं दुखणं साधं असतं. बॉल जॉइंट आणि बुश झिजतात, केबलच्या तारा सुटतात. थोडा थोडा ढिलेपणा साठत जातो. मग पॅडल खाली टेकलं तरी पंपाचा लिव्हर शेवटपर्यंत जात नाही. इंजिन ठणठणीत, पण गाडी मरगळलेली! अशा वेळी पंप खोलणं म्हणजे नुसता खर्च.

तपासायची पद्धत सोपी आहे. इंजिन बंद ठेवून एकाने पॅडल पूर्ण दाबायचं, दुसऱ्याने बॉनेटखाली बघायचं. लिव्हर मॅक्सच्या स्क्रूला टेकला पाहिजे आणि पाय काढल्यावर आपोआप स्लोच्या स्क्रूवर परत आला पाहिजे. मॅक्सच्या स्क्रूला सील असतं, त्याला हात लावायचा नाही.

परत येणं जास्त महत्त्वाचं. स्प्रिंग थकली किंवा केबल अडकली तर रेस तशीच राहते. आणि अनेक जुन्या डिझेल इंजिनांत किल्ली फिरवून इंजिन बंदच होत नाही, कारण तिथे ठिणगी नसतेच. त्यासाठी डॅशबोर्डला स्टॉपचा वेगळा खटका असतो. म्हणून त्याची केबलही तेवढ्याच काळजीने बघायची. प्रश्न पिकअपचा नाही, जिवाचा आहे.

आणि मग २००१ साल. शेंद्र्याला स्कोडाचा कारखाना सुरू झाला, ऑक्टाव्हिया बाहेर पडू लागली. तिच्या १.९ टीडीआय इंजिनात पॅडलपासून पंपापर्यंत ना दांडी होती ना केबल. पॅडलला सेन्सर, मध्ये कॉम्प्युटर, आणि पंपातलं डिझेल मोजणारी विजेवर चालणारी यंत्रणा. धूर आणि डिझेलचा हिशेब काटेकोर ठेवायचा तर वजनं आणि स्प्रिंग पुरणार नव्हते. एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ लागू झालं, तोवर नव्या डिझेल मोटारींत जुनी पद्धत इतिहासजमा झाली होती.

"आता गाडी कॉम्प्युटर चालवतो" अशी तक्रार आपण ऐकतो. खरं तर विनंती पायाची आणि निर्णय दुसऱ्याचा, हे गव्हर्नरच्या काळातही होतंच. बदललं ते वेगळंच. पूर्वीचा बिघाड डोळ्याला दिसायचा, पान्याने दुरुस्त व्हायचा. आताचा बिघाड वाचायला स्कॅनर लागतो, आणि तो ज्याच्याकडे आहे त्याच्याकडेच जावं लागतं. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना ही स्थिती चांगलीच ओळखीची आहे. कोड काटेकोर असतो, पण उघडून बघायची सोय प्रत्येकाला नसते.

असो. घरी जुनी जीप किंवा इंडिका अजून चालत असेल तर या रविवारी बॉनेट उघडा. दहा मिनिटं आणि दोन माणसं पुरतात.